फेराइट, स्पिनची साखळी की मंगळाची हवा? पीएच.डी.च्या विषयाबद्दल

परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: एम.एस्सी. फिजिक्स झालं, सेट निघाली, नेटचा एक प्रयत्न थोडक्यात हुकला. कॉलेजातले सर म्हणतात फेराइटवर (लोह आणि इतर धातूंच्या चुंबकीय ऑक्साइडवर) पीएच.डी. कर, दोन वर्षांत पेपर निघतील. पण गणित आवडतं म्हणून मन क्वांटम इंटिग्रेबल मॉडेल्सकडे (अचूक सुटणाऱ्या गणिती मॉडेलांकडे, उदाहरणार्थ स्पिनच्या साखळ्या) ओढतं, आणि लहानपणापासून ग्रहांचं वेड असल्याने ग्रहांच्या वातावरणावरचं संशोधनही खुणावतं. यातलं काय घेऊ? तिन्ही जोडणारा एखादा विषय आहे का? आणि मराठवाड्यात राहून हे जमेल का?

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते, म्हणजे माझ्या कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. लातूरला एका महाविद्यालयात चोवीस वर्षं शिकवते. चुंबकीय पदार्थ हा माझा विषय, त्यामुळे फेराइटबद्दल जे लिहीन ते हाताने केलेलं आहे. स्पिन साखळ्यांचं सैद्धांतिक काम मी केलेलं नाही, पण त्यातली उत्तरं मोजमापाशी ताडून पाहण्यात बरीच वर्षं गेली. ग्रहांचं वातावरण मी एका विद्यार्थिनीमुळे शिकले. ती तिकडे वळली आणि तिच्या शंका सोडवता सोडवता मलाही वाचावं लागलं.

तुम्ही विचारता आहात 'कोणता विषय चांगला', पण मला त्याखाली दुसराच प्रश्न दिसतो. पाच वर्षं रोज सकाळी उठून तुम्हाला काय करायला आवडेल, आणि 'आता उत्तर मिळालं' असं तुम्हाला नेमकं कधी वाटतं? इंटिग्रेबल मॉडेलमध्ये उत्तर मिळालं म्हणजे सिद्ध झालं. फेराइटमध्ये उत्तर मिळालं म्हणजे दुसऱ्या बॅचमध्ये, दुसऱ्या यंत्रावरही तेच आलं. मंगळाच्या हवेला तर हातच लावता येत नाही. तिथे दोन-तीन स्वतंत्र पुरावे एकच गोष्ट सांगू लागले की मगच मान डोलवायची. हे तीन वेगळे स्वभाव आहेत. विषयाच्या नावावरून ते कळत नाहीत, थोडं काम करून पाहिल्यावरच कळतात.

तुमच्या सर्वांत जवळ आहे म्हणून फेराइटपासून सुरू करते. प्रश्नात त्याच्याबद्दल थोडी नाराजी दिसली, म्हणूनही. आपल्याकडे फेराइटची परंपरा मोठी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आणि आजूबाजूच्या कितीतरी महाविद्यालयांत स्पिनेल फेराइटवर काम झालंय, त्याला कारणही आहे. नायट्रेट, सायट्रिक ॲसिड, सामू सातपर्यंत आणायला अमोनिया, एक हॉटप्लेट आणि एक फर्नेस एवढ्यावर सॅम्पल तयार होतं. जेल घट्ट झालं की आपोआप पेट घेतं आणि बीकरमध्ये हलकी, भुसभुशीत राख उरते. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक विद्यार्थी दोन पावलं मागे सरकतो! ती राख अगेटच्या खलात घोटायची, फर्नेसमध्ये भाजायची, एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी रचना तपासायला, पाठवायची. ३५.५ अंशांच्या आसपास तीन-एक-एक या प्रतलाचा, म्हणजे स्पिनेल रचनेचा, पीक उंच दिसला की जीव भांड्यात पडतो.

अडचण इथून पुढे सुरू होते. झिंकच्या जागी कॅडमियम, कॅडमियमच्या जागी आणखी काही, मिसळलेल्या धातूचं प्रमाण म्हणजे एक्स, त्याची किंमत शून्य, पॉइंट दोन, पॉइंट चार. एक्सआरडी, व्हीएसएम (चुंबकत्व मोजणारं यंत्र), आलेख, पेपर. तुमचे सर 'दोन वर्षांत पेपर' म्हणतात ते खरंच आहे, तसे निघतात. पण त्यात प्रश्न कुठे आहे? कंटाळा तुम्हाला फेराइटचा नाही येणार, प्रश्न नसलेल्या फेराइटचा येईल.

प्रश्न असलेलं फेराइट कसं दिसतं ते सांगते. स्पिनेलमध्ये धातूच्या आयनांना दोन प्रकारच्या जागा असतात: चार ऑक्सिजनच्या मधली ए आणि सहा ऑक्सिजनच्या मधली बी. लुई नील यांनी १९४८ मध्ये दाखवलं की ए जागेवरचे स्पिन (आयनांची इवली चुंबकं) एका दिशेला आणि बी जागेवरचे उलट दिशेला असतात; वजाबाकी पूर्ण होत नाही, म्हणून चुंबकत्व उरतं. आता निकेल फेराइटमध्ये झिंक घाला. झिंकला स्वतःचं चुंबकत्व नाही, म्हणजे एकूण चुंबकत्व कमी व्हायला हवं. ते वाढतं! कारण झिंक ए जागा पटकावतं, तिथलं लोह बी जागेवर ढकललं जातं आणि वजाबाकीत वजा होणारा आकडाच लहान होतो. हे साधारण निम्म्या झिंकपर्यंत चालतं. पुढे ए बाजू इतकी दुबळी होते की बी जागेवरच्या स्पिनना एका रांगेत धरून ठेवायला कुणी उरत नाही. ते तिरके होतात आणि चुंबकत्व घसरतं. याफेट आणि किटेल यांनी १९५२ मध्ये त्याचं गणित मांडलं. बिगरचुंबकीय धातू घातल्यावर चुंबक बलवान का होतो, हे वर्गात पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी या विषयात अडकले, ती अजून सुटलेली नाही.

मग खरा प्रश्न असा विचारता येतो: शुद्ध झिंक फेराइट ठोकळ स्वरूपात खोलीच्या तापमानाला चुंबक नसतं, मग त्याचे नॅनोकण व्हीएसएमवर चुंबकत्व का दाखवतात? काही लोह ए जागेवर गेलं म्हणून, की कणाच्या पृष्ठभागामुळे, की सॅम्पलमध्ये दुसरंच काही मिसळलंय म्हणून? याचं उत्तर एका व्हीएसएम आलेखाने मिळत नाही. लोह कोणत्या जागेवर आहे ते सांगणारं मॉसबावर मोजमाप लागतं, कमी तापमानाची मोजणी लागते, जमल्यास न्यूट्रॉन विवर्तन लागतं. ही साधनं आपल्या कॉलेजात नाहीत, पण विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी यूजीसी-डीएई सीएसआर नावाची संस्था आहे. इंदूरला तिची कमी तापमानाची आणि चुंबकीय मापनाची साधनं आहेत, आणि तिच्या मुंबई केंद्रामार्फत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉनचे प्रयोग करता येतात. प्रस्ताव लिहावा लागतो. आणि प्रस्तावात प्रश्न नेमका लिहावा लागतो, हा त्यातला मोठा फायदा.

'दुसरंच काही मिसळलंय' हे मी उगाच लिहिलं नाही. काही वर्षांपूर्वी झिंक ऑक्साइडमध्ये थोडा धातू मिसळून खोलीच्या तापमानाला चुंबकत्व मिळतं, अशा कामाची लाट होती. आम्हीही केलं, आणि आम्हालाही मिळालं. आलेख सुंदर होता. पेपरचा मसुदा तयार होता. पाठवण्याआधी एका विद्यार्थ्याने सहज म्हणून नुसतं झिंक ऑक्साइड मोजलं, तर त्यातही तेवढंच चुंबकत्व! आठवडाभर शोधलं तेव्हा कळलं की राख खरवडायला आम्ही स्टीलचा चमचा वापरत होतो, त्याचे कण सॅम्पलमध्ये जात होते. प्लास्टिकचा चमचा वापरल्यावर चुंबकत्व गेलं, मसुदाही गेला. त्या मुलाने कोऱ्या सॅम्पलची जी मोजणी केली तिला मी आजही माझ्या प्रयोगशाळेतलं सर्वांत चांगलं काम मानते.

आता तुमची ओढ जिकडे आहे तिकडे. क्वांटम इंटिग्रेबल मॉडेल म्हणजे काय, हे मला समजलं त्या भाषेत सांगते. स्पिनची एक रांग घ्या. प्रत्येक स्पिन फक्त शेजाऱ्याशी बोलतो. हे हायजेनबर्गचं मॉडेल. सगळे स्पिन वर असताना एक खाली केला तर तो 'खालीपणा' लाटेसारखा साखळीतून सरकतो. दोन खाली केले तर दोन लाटा भेटतात, पलीकडे जातात आणि फक्त त्यांची फेज बदलते. तीन झाले की एरवी गणित हाताबाहेर जायला हवं. पण या साखळीत तिघांची धडक नेहमी दोघांच्या धडकांत मोडता येते, आणि कोणती धडक आधी झाली याने हिशोब बदलत नाही. अरुंद बांधावर तीन माणसं एकमेकांना ओलांडताना कुणी कुणाला आधी वाट दिली तरी पलीकडे पोचल्यावर जमाखर्च तोच, तसं. याच अटीला पुढे यांग-बॅक्स्टर समीकरण हे नाव मिळालं. हान्स बेथे यांनी १९३१ मध्ये याच युक्तीने साखळी अचूक सोडवली. अचूक म्हणजे अंदाजाशिवाय: अनंत लांबीच्या प्रतिलोहचुंबकीय (शेजारचे स्पिन उलट दिशेला राहू पाहतात अशा) साखळीची किमान ऊर्जा प्रत्येक स्पिनमागे पाव वजा दोनचा नैसर्गिक लॉग, म्हणजे −०.४४३१ जे इतकी येते. जे म्हणजे शेजाऱ्यांमधल्या जोडणीची ताकद. हा आकडा हुल्थेन यांनी १९३८ मध्ये काढला. दोन मितींच्या जाळीवर ही युक्ती चालत नाही. इंटिग्रेबल मॉडेल थोडीच असतात आणि म्हणूनच मोलाची असतात.

हे नुसतं कागदावरचं आहे असं समजू नका. तुमच्या भागात मोसंबीच्या बागा असतील, तर बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद घरात कुठेतरी असेलच. त्या निळ्या स्फटिकात, म्हणजे पाच पाणी असलेल्या कॉपर सल्फेटमध्ये, तांब्याचे निम्मे आयन हायजेनबर्गच्या साखळ्या करून बसलेले असतात आणि उरलेले निम्मे जवळपास सुटे असतात. २०१३ मध्ये याच पदार्थाचे स्फटिक, साध्या पाण्याऐवजी जड पाण्याने बनवून, एक केल्विनहून खूप खाली थंड करून त्यांवर न्यूट्रॉन सोडले गेले. बेथेच्या उत्तरातून पुढे निघालेल्या स्पिनॉन नावाच्या अर्ध्या स्पिनच्या कणांचं जे चित्र गणिताने सांगितलं होतं, ते मोजणीत उमटलं. वाटेत ब्याऐंशी वर्षं गेली. फवारणीचं औषध आणि जगातलं एक अत्यंत नितळ गणित एकाच पुडीत आहे, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगते.

आपल्या देशाचंही यात काम आहे. चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ मध्ये दाखवलं की शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी निम्म्या ताकदीची जोडणी घातली तर साखळीची मूळ स्थिती, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची स्थिती, अगदी सोपी होते: स्पिन दोन-दोनच्या जोड्या करून बसतात आणि ऊर्जा प्रत्येक स्पिनमागे −०.३७५ जे. गंमत म्हणजे हे मॉडेल पूर्ण इंटिग्रेबल नाही, फक्त त्याची मूळ स्थिती अचूक कळते. हा फरक समजून घेण्यात एक आठवडा घालवा, तुमचं वाचन सरळ मार्गाला लागेल. बी. श्रीराम शास्त्री यांचं नाव तर हाल्डेन-शास्त्री आणि शास्त्री-सदरलँड या दोन मॉडेलांना लागलेलं आहे. त्यातलं दुसरं १९८१ मध्ये कागदावर मांडलं गेलं आणि १९९९ मध्ये स्ट्रॉन्शियम, तांबं, बोरॉन यांच्या एका संयुगात प्रत्यक्ष सापडलं.

पण इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. या विषयात एम.एस्सी.चं क्वांटम मेकॅनिक्स पुरत नाही. रेषीय बीजगणित, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स बोटांवर हवं. शिवाय एकट्याने, मार्गदर्शकाशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. मराठवाड्यात राहूनच करायचा हट्ट असेल तर मार्गदर्शक मिळणं अवघड जाईल. चेन्नईचं आयएमएससी, बंगळुरूचं आयसीटीएस, मुंबईचं टीआयएफआर अशा संशोधन संस्थांत जायची तयारी हवी, आणि त्यासाठी जेस्ट ही सामाईक प्रवेश परीक्षा किंवा त्या त्या संस्थेची परीक्षा. आयसीटीएसची व्याख्यानं यूट्यूबवर मोफत आहेत, तयारी घरबसल्या सुरू करता येते.

ग्रहांचं वातावरण. इथे मी कमी बोलेन, पण एक प्रयोग सांगते. तुमच्या फोनमध्ये दाबमापक असेल (बऱ्याच फोनमध्ये असतो, मोफत ॲपने वाचता येतो) तर फोन एकाच जागी ठेवून दोन-तीन दिवस तासातासाला हवेचा दाब लिहा. लातूरला साधारण ९४० हेक्टोपास्कल येतो. पाऊस-वादळ नसेल तर दिसेल की सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, दुपारी चारला दोन-चार हेक्टोपास्कलने उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला. ही हवेची भरती-ओहोटी. चंद्रामुळे नव्हे, सूर्याच्या उष्णतेमुळे. आता क्युरिऑसिटी गाडीने ऑगस्ट २०१२ पासून मंगळावर गेल विवरात नोंदवलेला दाब उतरवून घ्या. नासाच्या ग्रहविषयक विदासंग्रहात तो सगळ्यांना खुला आहे. तिथे एकूण दाबच ७ ते ९ हेक्टोपास्कल, पण एका दिवसातला चढउतार सुमारे दहा टक्के! आपल्याकडे तो हजारात तीन-चार. हवा विरळ, लवकर तापते, लवकर निवते. आणि धूळ वाढली की ही भरती-ओहोटीही वाढते, म्हणजे नुसत्या दाबमापकावरून आकाशातल्या धुळीबद्दल बोलता येतं. मंगळाच्या वर्षभराचा आलेख काढलात तर दाब दोनदा चढतो-उतरतो, कारण मंगळाच्या ध्रुवांवर हिवाळ्यात हवेतला कार्बन डायऑक्साइडच गोठून जमिनीवर पडतो. अर्धी रात्र जागून हे आलेख काढताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर हा विषय तुमचा. माझ्या विद्यार्थिनीचं तसंच झालं. एप्रिलमध्ये काळ्या रानात वावटळ उठली की ती गाडी थांबवून बघत उभी राहायची. मंगळावरच्या वावटळीचा आवाज पर्सिव्हिअरन्स या दुसऱ्या गाडीच्या मायक्रोफोनने २०२१ मध्ये टिपला, तेव्हा पहिला फोन तिचा आला.

या कामाला प्रयोगशाळा लागत नाही, चांगलं इंटरनेट आणि पायथन लागतं. मंगळयानाची विदाही इस्रोने खुली केली आहे. पण मार्गदर्शन अहमदाबादच्या पीआरएलसारख्या संशोधन संस्थेतच मिळवावं लागेल, म्हणजे घर सोडणं इथेही आलंच.

तिन्ही जोडणारा विषय आहे का? खरं सांगायचं तर तिन्ही एका प्रबंधात बसवू नका. पहिले दोन नक्की जुळतात: एक-मितीय चुंबकीय पदार्थ बनवणं आणि मोजणं, आणि ती मोजणी अचूक गणिताशी ताडणं. तुमच्यासारख्या गणित आवडणाऱ्या, पण फेराइटच्या परंपरेत वाढणाऱ्या मुलाला मी हाच मध्यममार्ग सुचवेन. हॉटप्लेट आणि फर्नेस तेच, फक्त पदार्थ निवडताना तांब्याच्या किंवा व्हॅनेडियमच्या साखळ्या असलेले निवडायचे. पहिला आणि तिसरा विषय, म्हणजे फेराइट आणि ग्रह, आपल्या पायाखाली भेटतात. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात टायटॅनोमॅग्नेटाइट हे लोह-टायटॅनियमचं चुंबकीय खनिज असतं, तेही स्पिनेलच. क्रुसिबलमध्ये आपण जे भाजतो त्याचंच भावंड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्याने धरून ठेवली. मंगळाच्याही कवचात असं जुनं चुंबकत्व सापडलं आहे, जरी त्याचं एकूण क्षेत्र केव्हाच विझलं. आणि क्षेत्र विझल्यावर हवा कशी निसटत गेली हा वातावरणवाल्यांचा मोठा प्रश्न आहे. जालन्याच्या सीमेपलीकडचं लोणार विवर बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेलं आहे, म्हणून मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. दुसरा आणि तिसरा विषय, म्हणजे इंटिग्रेबल मॉडेल आणि ग्रहांचं वातावरण, जोडणारा पूल मात्र अरुंद आहे. उथळ पाण्यातल्या लाटांचं केडीव्ही समीकरण इंटिग्रेबल आहे, आणि गुरूचा तांबडा डाग म्हणजे अशीच एकाकी लाट असावी अशी कल्पना १९७६ मध्ये मांडली गेली होती. ती पुढे टिकली नाही. आज त्याला भोवरा मानतात. तेवढ्या पुलावर पाच वर्षांचा संसार थाटू नका.

आता जे फक्त तुमच्यावर अवलंबून आहे ते. घरी पैशांची निकड आहे का? नेटमधून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, आणि मग विषय निवडायचं स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने मिळतं. म्हणून नेटचा दुसरा प्रयत्न आत्ताच सोडू नका. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या अटी दर वर्षी ताज्या जाहिरातीत वाचा. शेती, आजारी माणूस, धाकट्या बहिणीचं शिक्षण अशी जबाबदारी असेल आणि जिल्हा सोडता येणार नसेल, तर सरांचं म्हणणं ऐका, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त त्यांना एवढंच विचारा: 'सर, या मालिकेत आपण कोणता प्रश्न सोडवतोय?' चांगले सर या प्रश्नाने रागावत नाहीत. आणि स्थानिक अडचणी आधीच धरून चाला. ८०० अंशांवर चार तास भाजायचं सॅम्पल तिसऱ्या तासाला वीज गेली की टाकून द्यावं लागतं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही ऊर्ध्वपातनाचं यंत्र बंदच ठेवलं होतं, कारण एक लिटर शुद्ध पाण्यासाठी कितीतरी लिटर पाणी थंड करण्यात वाहून जातं. त्या दोन महिन्यांत सगळ्यांना पायथन शिकवलं.

सरांना हो किंवा नाही म्हणण्याआधी दोन महिने घ्या. मंगळाच्या दाबाचा आलेख वर सांगितलाच. सरांच्या प्रयोगशाळेत एक सॅम्पल पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करा, आणि सोबत एक कोरं सॅम्पलही मोजा. तिसरं लॅपटॉपवर: हायजेनबर्गच्या साखळीचं वर्तुळ करून तिची किमान ऊर्जा काढा. चार स्पिनसाठी १६ गुणिले १६ ची सारणी (मॅट्रिक्स) होते, ती हातानेही जमते. प्रत्येक स्पिनमागे −०.५ जे यायला हवी. सहा स्पिनना −०.४६७१, आठांना −०.४५६४, दहांना −०.४५१५. बेथेच्या −०.४४३१ कडे आकडे कसे सरकतात ते डोळ्यांनी बघा, आणि ते अंतर किती वेगाने घटतं याचा नियम स्वतः शोधा. मग आठ स्पिनमध्ये शेजाऱ्याच्या शेजाऱ्याची निम्मी जोडणी घाला. एकूण किमान ऊर्जा बरोबर −३ जे आली पाहिजे, आणि तीही दोनदा, म्हणजे दोन वेगळ्या स्थितींसाठी.

चार स्पिनना −०.५ ऐवजी −०.४०४ आली तर घाबरू नका. शेवटच्या स्पिनला पहिल्याशी जोडायचं राहिलं असेल, तेवढी एक ओळ वाढवा. जे काही निघेल ते आकड्यांसकट इथेच लिहा, मी बघते.